बाबांना नाही म्हटलं तो उतार

साउथहॅम्प्टनच्या आमच्या घरात जिन्याखालच्या भिंतीवर हीटिंगचं तापमान ठरवणारी एक गोल चकती होती आणि ती कायम सोळा अंशांवर असायची. ती सोळावरच राहावी म्हणून बाबांनी तिच्यावर हॉस्पिटलमधली पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती, पेशंटच्या हातातली सुई हलू नये म्हणून लावतात ती. बाबा भूलतज्ज्ञ. माणसाचं शरीर किती अंशांवर कसं वागतं हे आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. उबदार खोल्यांत माणूस सुस्तावतो आणि सर्दीही जास्त होते, असंही म्हणणं. यातलं खरं किती ते मला आजही माहीत नाही. आई मात्र नोव्हेंबर ते एप्रिल अंगात दोन कार्डिगन आणि पायात बाबांचे जुने लोकरी मोजे घालून घरभर फिरायची. धुक्याच्या सकाळी बंदरातून जहाजांचे भोंगे ऐकू यायचे, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आणि आई फोडणी झाल्यावरही उगाच गॅसपाशी रेंगाळायची. तिला तिथे काही काम नसायचं. तिथे ऊब होती.

बाबा तापट होते असं कुणाला वाटेल, पण तसं अजिबात नव्हतं. आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकला नाही. ते एकदाच बोलायचे, हळू बोलायचे, आणि ते बोलले की विषय मिटायचा. मी सात वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो, ते त्यांनी ठरवलं. मी कुठले विषय घ्यायचे, केंब्रिजला अर्ज करायचा, मोटरवेवर कुठून वळायचं, तेही त्यांनीच. ‘नाही’ म्हणायला आमच्या घरात बंदी नव्हती, फक्त तशी पद्धत नव्हती. आईला काही खटकलं तर ती ते भिंतीला सांगायची. "आज खिडकीला आतून पाणी सुटलंय," असं ती खिडकीकडे बघून म्हणायची, आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "हं. स्वेटर घाल." एकदा लंडनमधल्या ईलिंगला आईच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मोटरवेवरचा फाटा चुकला हे आईला स्पष्ट दिसलं होतं. ती फक्त म्हणाली, "मघाशी एक पाटी गेली वाटतं." बाबा म्हणाले, "हं." आम्ही लंडनला अर्धी प्रदक्षिणा घालून पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती.

स्कीइंग आमच्या घरात आलं तेही बाबांमुळेच. हॉस्पिटलमधल्या कुणीतरी त्यांना शहराबाहेरच्या कृत्रिम उतारावर नेलं होतं. तिथे बर्फ नाही, प्लास्टिकच्या ब्रशांची चटई. पडलं की कोपरं सोलून निघायची. बाबा चाळिशी ओलांडलेले, तरुणपणी सह्याद्रीत भटकलेले, एका हिवाळ्यात शिकले आणि मलाही शिकवलं. चांगलं शिकवलं, हे मान्य करायला हवं. केंब्रिजला गेल्यावर मी तिथल्या स्की क्लबात शिरले, आणि दुसऱ्या वर्षी ईस्टरला आल्प्समध्ये टूरिंगला जायचं ठरलं. टूरिंग म्हणजे लिफ्टने वर जाऊन आखलेल्या वाटेवरून खाली येणं नव्हे. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे चढावर पाय मागे घसरत नाही, आणि जिथे कुणी बर्फ दाबून ठेवलेला नाही अशा डोंगरावर आपल्या पायांनी चढायचं. क्लबाची अट एकच होती. आधी अॅव्हलांचचा, म्हणजे डोंगरावरून सुटून कोसळणाऱ्या बर्फाचा, कोर्स करायचा.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई तिळगुळाचं सारण परतत होती. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, पण आईची संक्रांत फेब्रुवारीपर्यंत चालायची. "बर्फाखाली माणसं जातात म्हणे," ती कढईला म्हणाली. बाबा म्हणाले, "म्हणूनच कोर्स. मीपण जातो हिच्याबरोबर. काय शिकवतात बघतो." झालं, ठरलं. निघायच्या दिवशी आईने गुळपोळ्यांची चळत चंदेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली आणि बाबांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात स्वतः सरकवली. "छातीशी ठेवा, म्हणजे कडक होणार नाहीत." मग मी दारात बूट घालत होते तेव्हा ती माझ्याजवळ वाकली. या वेळी ती भिंतीशी बोलत नव्हती. "सयू, त्यांना घेऊन ये परत. ते कुणाचं ऐकत नाहीत, तुला माहितीये." मी हो म्हटलं. वीस वर्षांच्या मुलीला त्या ‘हो’चं वजन कितपत कळतं कोण जाणे.

स्कॉटलंडमधल्या त्या गावात आमचं हॉस्टेल होतं, ओल्या मोज्यांच्या आणि टोस्टच्या वासाचं. शिकवणारी मॉरग पन्नाशीची, बुटकी, वाऱ्याने गाल लाल झालेली बाई होती. आधी कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवायची. खिशात ओटकेक, म्हणजे ओटची कडक बिस्किटं, ठेवायची आणि कठीण प्रश्न आला की आधी एक तुकडा मोडायची. आमच्याबरोबर न्यूकासलचं एक जोडपं होतं, टॉम आणि हेलन. टॉम प्लंबर होता आणि फार कमी बोलायचा. सकाळी मॉरगने फळ्यावर वारा काढून दाखवला. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि कड्यावरून पलीकडच्या अंगावर नेऊन टाकतो. तो तिथे पाटीसारखा घट्ट बसतो, पण खालच्या थराला चिकटलेला नसतो. वरून माणूस गेला की अख्खी पाटीच सुटते. चिन्हं असतात, ती म्हणाली, स्कीपासून पुढे धावणाऱ्या भेगा, पायाखालून येणारा पोकळ आवाज. डोंगर आधी सांगतो. मग तिने शेवटचा नियम सांगितला. गटातल्या एकाने नाही म्हटलं की सगळ्यांचं नाही. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, मागे फिरायचं. मला हसूच येणार होतं. हा नियम आमच्या घरी लावला तर काय होईल, असं वाटून मी बाबांकडे पाहिलं. ते त्यांच्या सुबक अक्षरात तो वहीत उतरवून घेत होते.

दुपारी प्रत्यक्ष शोधायचा सराव होता. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर नावाचं एक छोटं यंत्र असतं. ते सतत सिग्नल पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपली यंत्रं ऐकण्यावर करायची, त्यावरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तसं जवळ जायचं, लांब सळईने टोचून बघायचं आणि फावड्याने उकरायचं. मॉरगने तसं एक यंत्र पिशवीत घालून बर्फात पुरलं. टॉमने ते चार मिनिटांत काढलं, मी सहा. मग बाबा. ते आत्मविश्वासाने निघाले, यंत्र दोन्ही हातांत छातीशी धरून, आणि थोड्याच वेळात भलतीकडे वळले. आकडा खाली जायचा, मध्येच उसळायचा. ते परत फिरायचे, थांबायचे, पुन्हा भलतीकडे. मॉरग घड्याळाकडे बघत होती. सतराव्या मिनिटाला तिने हात वर केला. "पिशवी होती म्हणून ठीक," ती म्हणाली, आणि मग, "डॉक्टर, खिशात काय आहे?"

बाबांनी खिशातून मोबाइल काढला. हॉस्पिटलमधून कधी फोन येईल सांगता येत नाही म्हणून ते तो कधीच बंद करत नसत. त्याच्यामागून आईच्या गुळपोळ्या निघाल्या, उन्हात लखलखणाऱ्या फॉइलमध्ये. मॉरगने दोन्ही वस्तू हातात घेतल्या. चालू फोन आणि असा धातूचा कागद यंत्राला लागून असला की ते वेड्यासारखं वागतं, ती म्हणाली, आणि मग तिने फॉइल थोडं उघडून वास घेतला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. आम्ही सगळ्यांनी तिथेच उभ्या उभ्या एकेक खाल्ली. टॉमने दोन खाल्ल्या. बाबांनी खाल्ली नाही. रोज माणसांना बेशुद्ध करून पुन्हा शुद्धीवर आणणारा माणूस, त्याला सतरा मिनिटांत एक पिशवी सापडली नव्हती, आणि तेही लेकीसमोर. त्यांचा चेहरा मला बघवेना. संध्याकाळी सूप पिताना ते एकच वाक्य बोलले. "उद्या मी पुढे राहतो."

दुसऱ्या दिवशी खरोखरच ते पुढे होते. मॉरगने सांगून टाकलं होतं की आज निर्णय आमचे, ती शेवटी चालणार आणि शक्यतो तोंड उघडणार नाही. वारा सकाळपासून होता. दोन तास चढल्यावर आम्ही एका वाटीसारख्या खोलगट जागी पोचलो. समोर कडा, आणि कड्यावर जायला दोन वाटा. डावीकडे दगडांचा एक सोंडेसारखा उतार, लांबचा, तासभर जास्त घेणारा. उजवीकडे पांढरा, गुळगुळीत, तिरपा उतार, वीस मिनिटांत वर नेणारा. कड्यावरून बर्फाचे लोट उडून नेमके त्या उजव्या उतारावर येऊन पडत होते, काल फळ्यावर काढला होता अगदी तसे. बाबांनी उजवीकडे स्की वळवल्या.

मी त्यांच्यामागे होते. दहा-बारा पावलांवर त्यांच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग पुढे धावत गेली. मला वाटलं, पाहिली असेल त्यांनी. मग पायाखाली कुठेतरी धप्प असा दबका आवाज झाला आणि आम्ही उभे होतो ती जमीन बोटभर खाली बसल्यासारखी वाटली. बाबांचे खांदे क्षणभर थांबले, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. "सेटल होतोय स्नो," ते मागे न बघता म्हणाले. "फाइन आहे." ऑपरेशन थिएटरमधला आवाज होता तो. या आवाजावर माणसं डोळे मिटून झोपतात.

"बाबा, वारा वाढलाय ना जरा?" मी म्हटलं.

"हं."

"त्या दगडांच्या बाजूनेपण जाता येईल असं दिसतंय."

"लांब पडेल."

आणि ते चालत राहिले. माझ्या तोंडातून आई बोलत होती हे मला तेव्हा लख्ख कळलं. मघाशी एक पाटी गेली वाटतं. असंच बोलत राहिले तर मी अगदी नम्रपणे, एकही उलट शब्द न काढता, माझ्या बाबांना त्या उतारावर जाऊ देणार होते. समोर उतार उभा होत चालला होता. मी थांबले. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बर्फाची भीती त्यात निम्मीच होती. उरलेली निम्मी बाबांची होती.

"बाबा, नाही," मी म्हटलं.

ते वळले. डोळ्यांवर काळा गॉगल होता, त्यात मला मीच दिसत होते. "सई, वर जाऊन बोलू."

"वर जाऊन नाही. मी येत नाही, आणि तुम्हीपण जायचं नाही." मग सगळ्यांना कळावं म्हणून मी तेच इंग्रजीत म्हटलं, मोठ्याने. माझा आवाज फाटला.

वारा वाहत होता. मॉरग हातातल्या ओटकेककडे बघत होती. टॉम घसा खाकरून म्हणाला, "मलाही हे पटत नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले, म्हणून मी काही बोललो नाही." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर त्या पांढऱ्या उताराकडे. त्यांनी एक स्की उचलली आणि जागच्या जागी उलटी फिरवली. दुसरी फिरवताना त्यांचा तोल गेला, काठीवर सावरले, आणि आमच्याच ठशांवरून ते खाली यायला लागले. ते माझ्या बाजूने पुढे जाऊन मोकळ्या सपाटीवर पोचेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता, असं मला वाटतं.

मॉरगने तेव्हा तोंड उघडलं. ती आम्हाला जवळच्याच एका बुटक्या बांधापाशी घेऊन गेली. पुरुषभर उंच असेल नसेल, खाली सपाट जागा, कुणाला काही होण्यासारखं नाही. तोंड त्या मोठ्या उताराच्याच दिशेला, वर साचलेला बर्फही त्याच वाऱ्याचा. "डॉक्टर, वर उभे राहून जागच्या जागी उडी मारा," ती म्हणाली. बाबांनी स्की काढल्या, बांधावर चढले आणि एक छोटीशी उडी मारली. त्यांच्या पायाशी आडवी रेघ उमटली आणि आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीएवढा बर्फाचा तुकडा सबंधच्या सबंध सुटला, खाली घसरला आणि फुटून त्याचे ढेकळांचे ढीग झाले. एकाच उडीत. बाबा काठावर उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. "आणखी चार पावलं गेला असतात तर मी थांबवलं असतं," मॉरग त्यांना म्हणाली. "पण मी रोज बरोबर असणार नाही."

वरचा तो मोठा उतार त्या दिवशी सुटला नाही. आम्ही दगडांच्या बाजूने वर गेलो, दुपारी परत त्याच वाटेने खाली आलो, तो तसाच होता, गुळगुळीत आणि निरुपद्रवी. त्याने आम्हाला गिळलं असतं की सुखरूप जाऊ दिलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. पुढे आल्प्समध्ये आणि इतरत्र मी कितीतरी उतारांवरून मागे फिरले, आणि त्यांतल्या बहुतेकांचं काय झालं असतं तेही मला माहीत नाही. न कळण्यातच आपण जिवंत आहोत, हे पटायला मला बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मात्र असलं काही सुचलं नाही. दगडांच्या आडोशाला बसल्यावर मला एकदम रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. सुटलो, एवढंच डोक्यात होतं. बाबा शेजारी येऊन बसले. फॉइल कालच काढून टाकलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीतली गुळपोळी त्यांनी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. दगडासारखी कडक झाली होती. माझ्या टोपीवरचा बर्फ त्यांनी झटकला आणि विचारलं, "थंडी वाजतेय?"

"हो," मी म्हटलं.

हा प्रश्न त्यांनी घरात कुणाला विचारल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनाही आठवत नसावं.

हॉस्टेलवर आल्या आल्या त्यांनी आईला फोन लावला. मी बाजूला मोजे वाळत घालत होते. जेवण, हवामान, गाडीची वेळ, सगळं सांगून झालं आणि मग ते म्हणाले, "आज सईने मला नाही म्हटलं. सगळ्यांसमोर." आईचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आणि?"

"आणि काय. फिरलो मागे. बरोबर होती ती."

बाबा फोन कानाला लावून तसेच उभे. मग आई बोलली, इतकं भरभर की मला शब्द कळले नाहीत. बाबांनी ऐकलं, "अं?" केलं, पुन्हा ऐकलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. "आई काय म्हणाली?" मी विचारलं. "हीटिंग वीसवर केलंय म्हणाली. पट्टी काढून टाकली." ते माझ्याकडे न बघता बूट सोडायला बसले. पण मला कळलं, तिने ते आम्ही निघालो त्याच दिवशी केलं असणार. सांगायला तिला तीन दिवस लागले होते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. दार उघडलं आणि अंगावर ऊब आली, कांद्याच्या आणि तुपाच्या वासासकट. आई पुढे आली ती साध्या सुती कुर्त्यात, कार्डिगन एकही नाही. तिचे हात कोपरापर्यंत उघडे मी उन्हाळ्याखेरीज पाहिले नव्हते. तिने आधी मला चाचपलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि मग तिची नजर चोरटेपणाने भिंतीवरच्या चकतीकडे गेली. बाबांनी कोट काढला. मफलर काढला. जरा थांबून स्वेटरही काढला आणि कठड्यावर टाकला. मग ते चकतीपाशी गेले आणि त्यांनी हात वर केला. आई जागच्या जागी थिजली, मीही.

बाबांनी चकती फिरवली नाही. पट्टी निघाली होती तिथे तिचा काळपट चिकटा राहिला होता, तो त्यांनी नखाने खरवडून पाहिला.

"हे असं नाही निघणार," ते आईला म्हणाले. "उद्या हॉस्पिटलमधून स्पिरिट आणतो."